शेजारी झोपणाऱ्या बाईला विचारा

आमच्या सातगाव पठारावर घोरणाऱ्याचं कौतुकच होतं. "दिवसभर बटाट्याच्या रानात राबलाय, बघ कसा गाढ झोपलाय," असं सासूबाई म्हणायच्या. लग्न होऊन पेठला आल्यापासून मीही तेच धरून चालले होते.

मग एका रात्री यांचं घोरणं मध्येच थांबलं आणि त्या शांततेनंच मला जाग आली. छाती वरखाली होत होती, पण नाकाशी हात धरला तर वारा लागेना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत बसले. वीस सेकंद, पंचवीस, तीस... आणि बुडता माणूस पाण्यावर यावा तसा धापा टाकत श्वास आला. दोन मिनिटांत पुन्हा तेच. सकाळी यांना काहीच आठवेना, फक्त डोकं जड. हाच माणूस रात्री बटाट्याचा टेम्पो घेऊन खेडचा घाट उतरायचा.

बीपीची गोळी चार वर्षं चालू होती. तेवढ्या काळात झोपेचं कुणी विचारलं नाही. मी दवाखान्यात बाहेर बाकड्यावर. पुण्यात रात्रभराची तपासणी केली, तर तासाला ३८ वेळा श्वास अडत होता. ३० च्या पुढे गेलं की हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र धरतात.

त्यातच भाच्यानं मोबाईलवर पाठवलं, घोरणाऱ्याला कॅन्सर होतो. काळजात धस्स झालं. शोधून वाचलं, तर गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १,५२२ जणांवर २२ वर्षं नजर ठेवली. २०१२ साली निष्कर्ष आला, तीव्र त्रास असलेल्यांत कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण जवळजवळ पाचपट. पण कॅन्सरचे मृत्यू सगळे मिळून ५०च होते. कॅनडात २०१४ साली दहा हजारांवर रुग्ण तपासले; वय, वजन, धूम्रपान हिशेबात धरल्यावर तसा संबंध दिसला नाही. संशयाला कारण आहे. रात्रभर रक्तातला ऑक्सिजन पडतो-चढतो. तो कमी पडला की शरीर नव्या रक्तवाहिन्या फुटवतं आणि त्यांवर गाठही पोसू शकते. उंदरांत तसं दिसलंय. माणसांत अजून ठरायचंय.

म्हणून कॅन्सरचं भय घालून कुणाला तपासणीला धाडणं मला पटत नाही. बीपी, हृदय आणि स्टिअरिंगवरची डुलकी एवढी कारणं पुरेत. २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा या आजाराचं नाव चार दिवस ऐकू आलं, मग विरलं. आता हे नाकाला मशीनचा मास्क लावून झोपतात. हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. पहिल्याच सकाळी म्हणाले, "डोकं हलकं वाटतंय गं."

माझं मागणं एवढंच. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून वाडीवरच्या उपकेंद्रापर्यंत, बीपीच्या प्रत्येक केसपेपरवर झोपेत श्वास थांबतो का हा प्रश्न हवा, आणि तो शेजारी झोपणाऱ्याला आत बोलावून विचारायला हवा.

बाईचं तर आणखी अवघड. ती घोरते हे घरात बोलायची लाज, आणि दमलेला नवरा तिचा श्वास मोजायला जागा कुठे असतो? आमच्या जाऊबाई दिवसा भाजी निवडता निवडता पेंगतात, आणि घरचे त्यांना आळशी म्हणतात. आज रात्री मी त्यांच्या शेजारी अंथरूण घालणार आहे, घड्याळ समोर ठेवून.