विज्ञान दिनाला कोणता प्रश्न नेणार?



हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा शाळेच्या फलकावर एक सूचना लागली असेल: २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, सकाळी सात वाजता फाटकाशी जमावे, सोबत डबा व पाण्याची बाटली आणावी. पुणे परिसरातील शाळांची ही सहल पुष्कळदा गणेशखिंडीला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात जाते. आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आपली ‘आयुका’, तेथेच आहे. जुन्नर तालुक्यातल्या शाळा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे वळतात. तेथे या सुमारास मोठे प्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतले विद्यार्थी आपापले प्रयोग मांडतात. ऊन अजून तापलेले नसते, काटेसावर आणि पळस फुललेले असतात. असा दिवस दवडू नका. (दहावीच्या मुलांना मात्र परीक्षेमुळे मन मारावे लागते. त्यांनी पुढचे वर्ष धरावे.)

माझी तक्रार त्या सूचनेविषयी आहे. डबा आणा असे तीत असते, प्रश्न आणा असे लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही. मग होते काय? साठ मुलांची रांग एका टेबलापुढून दुसऱ्या टेबलापुढे सरकत राहते. मागचे पुढच्यांना ढकलतात, पुढचे मागच्यांसाठी जागा करतात, आणि दुपारपर्यंत ‘सगळे पाहून’ होते. संध्याकाळी घरी विचारले, की काय पाहिले, तर उत्तर येते, “खूप काही होते!”

हा दिवस ज्या शोधासाठी पाळतात, तो शोध असा धावतपळत लागला नव्हता. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला, की पाणी निळे का? समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे उत्तर त्या काळी थोरामोठ्यांनी दिलेले होते. रामन यांनी निकोल लोलक डोळ्यांपुढे धरून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. तरीही निळाई राहिलीच! म्हणजे हा रंग पाण्यात होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाचा होता. कलकत्त्याला आल्यावर त्यांनी द्रव पदार्थांतून प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास मांडला आणि तो वर्षानुवर्षे सोडला नाही. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने काम करीत असता, विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशात नसलेला रंग त्यांना स्पष्ट ओळखता आला. हाच रामन परिणाम. १९३० सालचे नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. एका प्रश्नाची सात वर्षे सोबत केली, त्याचा हा वाढदिवस आहे. तो साजरा करताना आपण एकाही प्रश्नापाशी सात मिनिटे थांबू नये, हे मला चमत्कारिक वाटते.

आता एक उदाहरण घ्या. आयुकात फूकोचा लंबक आहे. एका लांब तारेला जड गोळा टांगलेला असतो आणि तो संथपणे झोके घेतो. लिआँ फूको याने १८५१ साली पॅरिसच्या पाँतेआँ या इमारतीत ६७ मीटर लांबीच्या तारेने असाच लंबक टांगला आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे लोकांना बंद छपराखाली दाखवून दिले. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. खरे म्हणजे त्याच्या खालची जमीन फिरत असते. उत्तर ध्रुवावर ही दिशा सुमारे २४ तासांत पूर्ण फेरी मारील. विषुववृत्तावर ती मुळीच वळणार नाही. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, तेथे पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. म्हणजे तासाला जेमतेम पावणेपाच अंश. घड्याळाचा तासकाटा तासाला ३० अंश सरकतो, आणि तोही आपल्याला सरकताना दिसत नाही! हा लंबक त्याच्याही सहापट मंद वळतो.

रांगेतल्या मुलाला या लंबकापुढे किती वेळ मिळतो? एक मिनिट, फार तर दोन. त्याला दिसतो तो झोका, पृथ्वीचे फिरणे नव्हे. सांगणाऱ्याने सांगितले म्हणून पृथ्वी फिरते असे मानून बाहेर पडायचे, तर ते पुस्तकातही लिहिलेले होते. फूकोने एवढा खटाटोप कशाला केला? लंबक चालू असेल, तर तुम्ही एवढेच करा. आत शिरताच झोक्याची दिशा खांबाच्या किंवा फरशीच्या खुणेशी ताडून वहीत टिपा, आणि निघण्यापूर्वी पुन्हा येऊन पाहा. दोन तासांत साडेनऊ अंशांचा फरक पडतो, तो डोळ्यांना सहज कळतो. त्यापायी दुसरी चार दालने राहिली, तर खुशाल राहू द्यात.

तेथे विचारण्याजोगा प्रश्नही आहे. पुण्यात ७५ तासच का? पॅरिसला हीच फेरी ३२ तासांच्या आत होते. उत्तर मिळवण्यासाठी महिनाभर थांबा. २० किंवा २१ मार्चला विषुवदिन येतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपत जा. सावली सर्वांत आखूड होते ती घड्याळाच्या बारा वाजता नव्हे, तर मुंबई-पुण्याकडे पावणेएकच्या आसपास. (हे असे का, हा आणखी एक प्रश्न. भारतीय प्रमाण वेळ कोणत्या रेखांशाची, ते भूगोलाच्या पुस्तकात पाहा.) पुण्यात ही सावली साडेतेहतीस सेंटिमीटरच्या जवळपास भरेल. काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढा. काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजा. तो तुमच्या गावाचा अक्षांश. सावलीच्या लांबीला कर्णाच्या लांबीने भागा. पुण्यात ०.३१८ येईल. आता २४ ला या संख्येने भागा, आणि लंबकाचे ७५ तास तुमच्या वहीत उतरलेले दिसतील. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या वाचकांनी आपापल्या गावी लंबक टांगला तर किती तास लागतील, तेही याच काठीने काढावे. त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही, आणि सहलीच्या वर्गणीचीही नाही.

प्रश्न विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. समोर मोठे शास्त्रज्ञ, आणि आपले इंग्रजी बेताचे. पण आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेलच. स्वाक्षरीची किंमत त्यांनी एक प्रश्न ठरवली होती, आणि मुले मराठीतून लिहीत. विज्ञान दिनाच्या आदल्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी बिनदिक्कत मराठीतून विचारा.

शिक्षकांनाही एक विनंती. सहलीच्या आधीच्या आठवड्यात एक तास मोकळा ठेवून प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा. साठांपैकी चाळीस सारखे निघतील, निघू देत. मुलांचे पाच-पाचांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच दालन नेमून द्यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येक गटाजवळ इतरांना सांगण्यासारखे काही असेल. वृत्तांतात ‘विद्यार्थ्यांनी सर्व दालने पाहिली’ असे लिहिता येणार नाही, एवढेच.

खोडदला जाणाऱ्यांसाठी तर प्रश्न जागोजाग पडलेले आहेत. तेथील दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जवळून पाहाल तर तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारांची जाळी आहे. तिच्यातून वारा आरपार जातो. मग रेडिओ लहरी का निसटत नाहीत? जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि लहरींची लांबी वीस सेंटिमीटरच्या पुढची, यावरून विचार करून पाहा. फाटकाशी मोबाइल बंद करायला सांगतात, तेही मुकाट्याने करू नका, कारण विचारा. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या लहरी इतक्या क्षीण असतात, की खिशातला फोन त्यांना बुडवून टाकतो. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेची आखणी याच दुर्बिणीमुळे वादात सापडली. या भागातल्या लोकांना रेल्वे हवी आहे, आणि आकाश ऐकण्यासाठी दुर्बिणीला शांतता हवी आहे. रेल्वे किती अंतरावरून गेली तर चालेल? विजेच्या इंजिनातून कोणत्या लहरी निघतात, त्या अडवता येतील का? जुन्नर-आंबेगावच्या मुलांनी हे प्रश्न विचारायलाच हवेत, कारण त्या गाडीत बसायचे आहे ते त्यांना, आणि दुर्बीणही त्यांच्याच शिवारात उभी आहे.