मस्टरवर नाव नाही, म्हणून आईला हक्क नाही?

नारायणगावला सकाळी मजुरीसाठी उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांकडे एकदा डोळे उघडून पाहा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी भगिनी बागायतदारांच्या शेतावर राबायला येतात. त्यांच्यात गरोदर बाईही असते. आठव्या महिन्यातही तिला खाडा परवडत नाही. खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल थंड!

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. पुढे संविधानाच्या कलम ४२ ने प्रसूती साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

पण हा हक्क पोहोचला कुणापर्यंत? १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. दुकाने-आस्थापनांसाठी किमान दहा कामगारांची अट मात्र कायम आहे. शेतमजूर बाईचे नाव कुठल्या मस्टरवर असते?

तिच्यासाठी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. सरकारी नोकरीतील महिला सोडून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये, असे कलम ४ सांगते. परंतु 'योजनांच्या अधीन राहून' या शब्दांचा आडोसा घेऊन २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाचच हजार ठेवले. दुसऱ्या वेळी लाभ मिळतो तो मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा झाला तर आईचे रक्त आटत नाही काय?

शासन सांगते, २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू. चांगली गोष्ट आहे. पण त्या तक्त्यात जात-जमातीचा रकानाच नाही! अमेरिकेत २०२३ साली हे प्रमाण गोऱ्या मातांमध्ये १४.५, तर कृष्णवर्णीय मातांमध्ये ५०.३ होते. तिथे वंशनिहाय आकडे छापले जातात, म्हणूनच तिथल्या संसदेत कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याची विधेयके मांडता आली. आपल्याकडे सरासरीच्या पदराखाली दलित-आदिवासी मातांचे मरण झाकले जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. अपत्याची अट काढा. शेतमजूर मातेला किमान वेतनाच्या हिशोबाने विश्रांतीचा मोबदला द्या. प्रत्येक मातामृत्यूची जात-जमातनिहाय नोंद प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक करा.

आंबेगाव-जुन्नरची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामसभांनी असे ठराव करून घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यावेत आणि पोच घ्यावी. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावावा. बाबासाहेबांनी गिरणीतल्या आईसाठी मागितलेली विश्रांती शेतातल्या आईपर्यंत नेणे, हे आपलेच काम आहे.