कोल्ड्रिफ प्रकरण: आरोग्याचा मेसेज खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

‘सर्दी-खोकल्याच्या औषधामुळे मुलांच्या किडन्या निकामी होत आहेत.’ असा मेसेज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तर अनेक जण तो अफवा समजून सोडून देतील. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ही बातमी खरी होती. आणि त्याच दिवसांत ‘औषधात दोष आढळला नाही’ असं सांगणारी बातमीही खरी होती. मग लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?

नेमकं काय घडलं?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावू लागली. नागपूर तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. त्यामुळे गंभीर मुलांना नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये आणि खासगी रुग्णालयांत आणलं गेलं आणि काहींचा मृत्यू इथेच झाला. मृतांचा आकडा पुढे वीसच्या वर गेला. साहजिकच बेसा, मनीषनगरपासून कामठीपर्यंत प्रत्येक पालकाच्या मनात एकच प्रश्न होता: घरातली बाटली सुरक्षित आहे का?

एकाच दिवशी दोन निष्कर्ष

३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की, तोवर तपासलेल्या नमुन्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळलं नाही. त्याच रात्री तामिळनाडूचा अहवाल पुढे आला. तिथल्या यंत्रणेने कांचीपुरममधल्या स्रेसन फार्मा या कंपनीच्या कारखान्यातूनच ‘कोल्ड्रिफ’चे नमुने घेतले होते. एसआर-१३ या बॅचमध्ये हे रसायन ४८.६ टक्के निघालं. परवानगी असलेली मर्यादा ०.१ टक्के आहे.

दोन्ही विधानं आपापल्या नमुन्यांबद्दल होती. मंत्रालयाने नंतर स्पष्ट केलं की, तपासलेल्या १० औषधांपैकी ९ योग्य होती आणि दोष एकट्या कोल्ड्रिफमध्ये होता. म्हणजे ‘आतापर्यंतच्या नमुन्यांत सापडलं नाही’ याचा अर्थ ‘सगळी औषधं सुरक्षित आहेत’ असा नव्हता. तसंच ‘एका बॅचमध्ये विष सापडलं’ याचा अर्थ ‘सगळी कफ सिरप विषारी आहेत’ असाही नव्हता. मेसेज पुढे जाताना नेमका हाच तपशील गळतो आणि उरतो तो नुसता दिलासा किंवा नुसती भीती.

मेसेज तपासायचा कसा?

आधी तारीख बघा. ३ ऑक्टोबरला आधी दिलेली माहिती त्याच रात्रीपर्यंत जुनी झाली होती. स्क्रीनशॉटवर तारीखच नसेल, तर तो पुढे पाठवू नका.

मग औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर बघा. खऱ्या इशाऱ्यात हे तिन्ही सहसा असतात. बॅच नंबर बाटलीच्या लेबलवर छापलेला असतो, तो जुळवून पाहता येतो.

शेवटी, ही माहिती पहिल्यांदा कोणी दिली ते शोधा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबरला एसआर-१३ बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं आणि तक्रारीसाठी १८००२२२३६५ हा टोल फ्री क्रमांक दिला. दर्जात न बसलेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजेच सीडीएससीओ, दर महिन्याला वेबसाइटवर टाकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १३ ऑक्टोबरला कोल्ड्रिफसह तीन भारतीय सिरपबद्दल इशारा दिला.

इंटरनेट कुठे थांबतं?

केंद्राच्या ३ ऑक्टोबरच्या सूचनेनुसार, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. त्यामुळे ‘कोणतं सिरप चांगलं?’ असं ग्रुपवर विचारण्यापेक्षा ‘सिरपची गरज आहे का?’ हे डॉक्टरांना विचारणं जास्त उपयोगाचं.

औषध घेतल्यानंतर मुलाला उलट्या होत असतील, पोट दुखत असेल, लघवी कमी किंवा बंद झाली असेल किंवा ते सुस्त पडलं असेल, तर सर्च करण्यात वेळ घालवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. काय दिलं होतं, हे ती बाटलीच डॉक्टरांना नेमकं सांगू शकते.