हृदयाचे चित्र आणि डॉक्टरांची नजर

जहाजांच्या पोलादातील भेगा शोधणाऱ्या यंत्राने माणसाचे हृदयही पाहता येईल, ही कल्पना १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी प्रत्यक्षात आणली. तेव्हा पडद्यावर केवळ हलत्या रेषा उमटत. पुढे द्विमिती चित्र आले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी धडधडत्या हृदयाचे त्रिमिती चित्र रुग्णालयांत दिसू लागले. ही प्रगती थक्क करणारी आहे, यात शंका नाही. तथापि चित्र देखणे झाले म्हणजे निदान अचूक झाले, असे मानणे घातक ठरेल.

द्विमिती चित्र म्हणजे हृदयाचा एक काप. असे अनेक काप पाहून डॉक्टर मनातल्या मनात संपूर्ण हृदय रचतात. मिट्रल झडपेचे तोंड निरोगी अवस्थेत ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. संधिवाती तापामुळे ते दीड चौरस सेंटिमीटर वा त्याहून लहान झाले, की विकार तीव्र मानला जातो. काप किंचित तिरपा पडला, तर हे तोंड आहे त्याहून मोठे भासते आणि उपचार लांबणीवर पडतो. त्रिमिती चित्रात काप नेमक्या टोकाशी घेता येतो. त्याची खरी उपयुक्तता येथे आहे.

परंतु निसर्गाने येथे एक मर्यादा घातली आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. १५ सेंटिमीटर खोलवर जाऊन परतायचे, तर सेकंदाला जेमतेम ५,००० स्पंद पाठविता येतात. एका कापाला शंभरेक रेषा पुरतात. संपूर्ण घनाला हजारो लागतात. म्हणून यंत्र एका स्पंदाचे अनेक प्रतिध्वनी एकदम टिपते किंवा चार-सहा ठोक्यांतील तुकडे जोडते. श्वास रोखला गेला नाही वा ठोके अनियमित असले, की सांधा चुकतो. मिट्रल विकारात ही अनियमितता वारंवार आढळते. म्हणजे ज्याला चित्राची गरज अधिक, त्याचेच चित्र फसवे! शिवाय पडदा सपाटच असल्याने खोलीचा आभास रंगछटांनी निर्माण करावा लागतो. यंत्राची ग्रहणक्षमता कमी ठेवली, तर पातळ पडद्यात नसलेले छिद्रही दिसते.

मुंबईची उपनगरे वैद्यकीय कौशल्यात मागे नाहीत. १९६८ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. त्यानंतर ४७ वर्षांनी, २०१५ मध्ये, शहरातील पुढचे हृदयरोपण मुलुंडमध्ये झाले. प्रश्न आहे तो घाटकोपरच्या राजावाडीत किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात येणाऱ्या सामान्य रुग्णाचा. त्याला त्रिमिती तंत्राचा मोठा लाभ निराळाच होऊ शकतो. एकदा साठविलेला घन नंतर कोणत्याही दिशेने पुन्हा कापून पाहता येतो. धाप लागलेल्या रुग्णाने गर्दीच्या लोकलने परळ गाठण्याऐवजी त्याचे चित्रच तेथील तज्ज्ञाकडे का जाऊ नये?

त्यासाठी यंत्रखरेदीच्या वेळीच काही अटी घातल्या पाहिजेत. छापील छायाचित्र नव्हे, तर संपूर्ण घन जतन व्हावा; तो अन्य कंपन्यांच्या यंत्रांवरही उघडावा; रंगीत चित्राशेजारी मूळ काप दिसावेत. आणि सर्वांत आधी, यंत्र हाताळणाऱ्याला पुरेसे प्रशिक्षण मिळावे. रुग्णाचे भवितव्य शेवटी पडद्याच्या झळाळीवर नव्हे, तर त्यापुढे बसलेल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून असते.