दर्शनी भिंत कुणाची?

मी रंगारी. बावीस वर्षं लोकांचे बंगले रंगवतोय. परांचीवर चढून खाली बघितलं की कोण कुठं राहतं ते विचारावं लागत नाही. भिंती बोलतात. आपली वस्ती लांबून कळते : उघड्या विटा, नाहीतर नुसतं गिलाव्याचं राखाडी.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, रंगरंगोटीचं कसलं कौतुक? आधी लढा, मग चुना. दोस्तहो, चुना हाही लढाच आहे. कसा ते सांगतो.

गावाच्या दोन जमिनी. वसायची ती पांढरी, पिकायची ती काळी. दोन्ही त्यांच्या. आपण कुसाबाहेर. मनूनं चांडाळाला गावाबाहेर काढलं, मढ्यावरचे कपडे अन् फुटकी भांडी त्याच्या वाट्याला लिहून ठेवली. त्याच्या घराचा रंग लिहायची गरजच पडली नाही. अस्पृश्यानं काय केलं की गावाला गुन्हा वाटतो, याची यादी बाबासाहेबांनी केलीय. स्वच्छ कपडे घालणं, जोडा घालणं, घड्याळ बांधणं. त्याच यादीत आहे कौलारू घर बांधणं! म्हणजे आतल्या उपाशी पोटाबद्दल गावाची तक्रार नव्हती. बाहेरून माणसासारखं दिसणं, हा गुन्हा.

म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आयाबायांना म्हणाले, लुगडं नेसायची रीत बदला, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे दागिने टाका. ती काय नटण्यामुरडण्याची शिकवण होती? अंगावरून जात वाचता येऊ नये, ही ती लढाई होती. घराची दर्शनी भिंत म्हणजे घराचं लुगडंच की!

आणि घराचा राग त्यांना किती असतो ते आपण बघितलंय. १९७८ साली नाव विद्यापीठाला द्यायचं होतं. मराठवाड्यात पेटली ती आपली घरं. ७ जुलै २०२० ला दादरच्या राजगृहावर दगड पडले, कुंड्या फोडल्या. पुस्तकांसाठी बांधलेल्या घराच्या कुंड्या कुणाला खुपल्या?

आता नवा डाव बघा. रस्त्याकडेच्या वस्तीत सिमेंटवाला येतो, मोबाइलवाला येतो. म्हणतो, भिंत फुकटात रंगवून देतो. देतो खरा! पण त्यावर नाव त्याचं, भाव त्याचा. निवडणुकीला पुढारी येतो, न विचारता चिन्ह काढून जातो. आणि घरकुल मिळालं की दारावर योजनेचं नाव, खाली आपलं नाव, पुढं शिक्का : लाभार्थी. गवंड्याच्या हाताखाली विटा आपण वाहिल्या, पाणी आपण मारलं, कमी पडले ते पैसे कर्ज काढून आपण घातले. तरी लाभार्थी! बंगलेवाल्यालाही सरकारी सवलती मिळतात. त्याच्या फाटकावर लाभार्थी लिहिलेलं मी बावीस वर्षांत बघितलेलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. कागदावरचं नाव गावाच्या तोंडात आपोआप येत नसतं. वस्तीच्या तोंडाशी, पहिल्या भिंतीवर, हातभर अक्षरात नवं नाव लिहा. रोज वाचलं की जीभ वळते.

निळाच रंग द्या, असं मी म्हणत नाही. निळा आपला आहे. १९४२ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनपासून तो झेंड्यावर आहे. पण कुणाला गुलाबी आवडला तर गुलाबी द्यावा. कुणी काय घालावं, कशात राहावं हे दुसऱ्यानं ठरवणं, ही मनूची चाल. ती आपण चालवायची नाही. फक्त दारावर घरधनिणीचंही नाव घाला. आजवर ते घर तिनंच सारवलंय.

पैसे नाहीत? डबाबंद रंगच पाहिजे असं कुठंय. कळीचा चुना आणा. विरताना तो उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळे जपा. रात्रभर मुरू द्या, फडक्यानं गाळा, डिंकाचं पाणी घाला, हवी तर नीळ टाका. भिंतीचे पोपडे खरवडा, पाणी मारा, वरून खाली या. मृगाच्या आत उरका. एका घराला एक दिवस. दहा पोरं जमली तर आठवड्यात वस्ती होते. कुंचला कसा धरायचा ते शिकवायला मी येतो, मजुरी नको.

उजळलेली वस्ती बघून गाव विचारेल, "लई माजलात का रे?" तेव्हा मान खाली घालायची नाही. भिंतीला दोन हात द्यायचे, आणि वेळ आलीच तर गावाशी दोन हात करायचे.

जयभीम.