क्लाइनचा निळा : न घेतलेल्या पेटंटची गोष्ट

१/
कपड्यांना घालायच्या निळीची कोरडी पूड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची डोळ्यांत भरणारी निळाई आठवत असेल. ती पूड भिजली की ती झळाळी उरत नाही. विसाव्या शतकातील एका फ्रेंच अमूर्त चित्रकाराची कीर्ती याच साध्या अनुभवाशी निगडित आहे. त्याचे नाव इव्ह क्लाइन. (थ्रेड)

२/
क्लाइनविषयी एक समज फार रुजला आहे : त्याने नवा निळा रंग शोधला आणि १९६० साली त्याचे पेटंट घेतले. यातील एकही गोष्ट खरी नाही. रंगद्रव्य जुने होते आणि पेटंट घेतलेलेच नव्हते. नवे होते ते रंगाला धरून ठेवणारे द्रव्य, आणि ते क्लाइनला एकट्याला सापडले नव्हते.

३/
आधी रंगाविषयी. अल्ट्रामरीन म्हणजे 'समुद्रापलीकडचा'. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणारा राजावर्त दगड कुटून हा रंग काढीत. म्हणून तो युरोपात अतिशय महाग असे. १८२४ साली फ्रान्समधील उद्योगप्रोत्साहक संस्थेने तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्यास ६,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. १८२८ साली ते ज्याँ-बाप्तिस्त गिमे यास मिळाले.

४/
त्याच सुमारास जर्मनीत ग्मेलिन यानेही आपली पद्धत प्रसिद्ध केली. राजेरजवाड्यांचा रंग कारखान्यात पोत्यांनी तयार होऊ लागला. इतका स्वस्त झाला की धुण्याच्या निळीतही तोच आला. 'नीळ' हे नाव मुळात झाडापासून काढलेल्या रंगाचे. आपल्याकडील घरांत पुढे आलेली रॉबिन ब्लूसारखी पूड मात्र अल्ट्रामरीनची. क्लाइनने वापरले ते रंगद्रव्य याच कुळातले.

५/
क्लाइनचा जन्म १९२८ साली नीस येथे झाला. आईवडील दोघेही चित्रकार. १९४९ च्या सुमारास त्याने लंडनमध्ये रॉबर्ट सॅव्हेज यांच्या चौकटी बनवण्याच्या दुकानात काम केले. रंगद्रव्ये, सरस, वार्निश आणि सोन्याचा वर्ख यांच्याशी त्याचा हातघाईचा परिचय तेथेच झाला. कोरड्या पुडीचे वेड लागले तेही तेथेच.

६/
पण पूड कापडावर टिकत नाही. ती चिकटवायला तेल किंवा सरस मिसळावा, तर रंग काळवंडतो. कारण प्रकाशशास्त्रातले आहे. अल्ट्रामरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. या फरकामुळे कोरड्या कणांच्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो आणि रंग उजळ भासतो.

७/
जवसाच्या तेलाचा अपवर्तनांकही जवळपास १.५ च आहे. कणांभोवती हवेऐवजी तेल आले की विखुरणे जवळजवळ थांबते. रंग गडद, पारदर्शक आणि निस्तेज होतो. म्हणजे प्रश्न नवा रंग शोधण्याचा नव्हता. पूड न भिजवता ती चिकटवायची कशी, एवढाच होता.

८/
याचे उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. मोंपार्नास भागात एदुआर आदाम यांचे चित्रकारांच्या साहित्याचे दुकान होते. १९५५-५६ च्या सुमारास क्लाइनने ही अडचण त्यांच्यापुढे मांडली. आदाम यांनी रोन-पूलँक या रसायन कंपनीतील तज्ज्ञांशी विचारविनिमय केला. त्यातून हाती आली 'रोदोपास एम ६० ए' ही राळ. ती पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या वर्गातली.

९/
ही राळ अल्कोहोल आणि इथाइल ॲसिटेट घालून पातळ करता येते. द्रावक उडून जातो, राळ आक्रसते आणि कणांना एकमेकांशी जोडते. मात्र त्यांच्यामधल्या फटी भरत नाही. कणांभोवती हवा राहते, म्हणून निळाईही राहते. चित्राचा पृष्ठभाग मखमलीसारखा, पुडीसारखाच दिसतो.

१०/
फेब्रुवारी १९५६ मध्ये कोलेत आलांदी यांच्या कलादालनात क्लाइनने निरनिराळ्या रंगांची एकरंगी चित्रे मांडली. प्रेक्षकांनी त्यांकडे भिंतीची सजावट म्हणून पाहिले. तेव्हा त्याने एकच रंग निवडला. जानेवारी १९५७ मध्ये मिलान येथे ७८ × ५६ सेंटिमीटरची अकरा चित्रे लागली. सगळी सारख्याच निळ्याची. त्यांतले एक लुचियो फोंताना याने विकत घेतले.

११/
आता 'पेटंट'. १९ मे १९६० रोजी क्लाइनने सरकारी कार्यालयात जमा केला तो 'सोलो लिफाफा'. अमुक कल्पना अमुक तारखेस या व्यक्तीपाशी होती, एवढीच नोंद त्याने होते. त्याने कोणालाही मक्तेदारी मिळत नाही. 'इंटरनॅशनल क्लाइन ब्लू' हे भारदस्त नाव आणि सरकारी मोहोर यांचा मिळून जो आभास झाला, तोच पुढे इतिहास म्हणून सांगितला गेला.

१२/
यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक : क्लाइन एकटाच प्रतिभावंत, बाकीचे पुरवठादार. दुसरे : पूड कारखान्याची, राळ कंपनीची, तर चित्रकाराने केले काय? दोन्ही मते अपुरी आहेत. पूड आणि राळ दोन्ही आधीपासून उपलब्ध होत्या. त्यांना एकत्र आणणारा प्रश्न क्लाइनने विचारला. तो प्रश्न हीच त्याची निर्मिती. उत्तर मात्र सामायिक होते.

१३/
प्रयोगशाळेशी त्याचे नाते येथेच संपले नाही. १९६१ साली पॅरिसजवळ प्लेन-सँ-दनी येथे, फ्रान्सच्या गॅस कंपनीच्या चाचणी केंद्रात त्याने अग्निचित्रे केली. हातात प्रचंड ज्वाला सोडणारी नळी, बाजूला पाणी मारण्यासाठी अग्निशामक दलाचा जवान. पुढल्याच वर्षी, जून १९६२ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी हृदयविकाराने क्लाइन गेला.

१४/
'श्रेय कोणाचे' हा वाद केवळ न्यायाचा नाही, चित्रांच्या आयुष्याचाही आहे. या पृष्ठभागावर वार्निश चालत नाही. बोट लागले तर ठसा राहतो. निखळणारे कण बसवण्यासाठी एखादे द्रव्य सोडावे, तर तेवढाच भाग भिजून काळा डाग दिसतो. ज्या अडचणीतून राळेने सोडवले, तीच दुरुस्तीच्या वेळी परत येते.

१५/
अशा वेळी चित्र जतन करणाऱ्याला दंतकथेचा काहीही उपयोग नसतो. राळ कोणती, द्रावक कोणता, प्रमाण काय, हेच त्याला हवे असते. आणि ती माहिती आदाम यांच्यासारख्या दुकानदारांच्या आणि कंपनीतल्या रसायनज्ञांच्या ज्ञानातून आलेली असते. त्यांना कथेतून वगळले की त्यांच्यासोबत कृतीही विसरली जाते.

१६/
संग्रहालयांतील पाट्यांवर 'कोरडे रंगद्रव्य व कृत्रिम राळ' अशा आशयाची ओळ असते. रंगाला चित्रकाराचे नाव मिळाले. राळ निनावी राहिली. क्लाइनचे मोठेपण जराही कमी न करता त्या ओळीत राळेचे आणि आदाम यांचे नाव घालता येईल. निळ्याला आजवर धरून ठेवले आहे ते त्या राळेनेच.