दादांचा रेझर आणि उडालेला मुलामा

सदर : घरातली अमानत



या महिन्यात एक कबुली देऊन सुरुवात करते. आमच्या मरहूम दादांचा दाढीचा रेझर मी माझ्याच हाताने बिघडवला. तोही प्रेमापोटी.

कल्याणच्या दूधनाक्यावरचं आमचं जुनं घर रिकामं करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पत्र्याची डबी सापडली. आत तीन तुकड्यांचा रेझर होता: वरचं झाकण, खालची पट्टी आणि मूठ. पट्टीवर ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेलं. दादा तरुणपणी बोटीवर खलाशी होते, तिकडूनच त्यांनी तो आणला होता. मुठीच्या बुडाला खिळ्याने ओरखडून काढलेलं ‘मीम’ हे अक्षर आहे. दादांच्या नावाचं पहिलं अक्षर. अब्बा सांगायचे, एका खोलीत सहा खलाशी राहत, सगळ्यांचे रेझर सारखेच दिसत, म्हणून ही खूण.

रेझर काळवंडला होता, कडेला हिरवट थर आला होता. ईदच्या आधी आपण तांब्या-पितळेची भांडी जशी काढतो, तसं मी लिंबू आणि पितळ घासायची पावडर घेतली आणि झाकण चोळलं. काळं गेलं. त्याबरोबर झाकणाची चांदीसारखी झळाळीही गेली. खाली पिवळं पितळ उघडं पडलं आणि त्यावर गुलाबी डाग उठले. मूठ घासण्याआधी मी थांबले, एवढंच नशीब.

असं का झालं, ते नंतर कळलं. तुमच्याही घरी अशी डबी असू शकते, म्हणून सविस्तर लिहिते.

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने १९०१ मध्ये बोस्टनला कंपनी काढली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात फक्त ५१ रेझर खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे हा रेझर जगभर पसरला. लंडनच्या पश्चिमेला आयल्सवर्थ इथे त्यांचा मोठा कारखाना १९३७ मध्ये उघडला. त्या काळचे चांगले रेझर पितळेचे असत आणि त्यांवर निकेलचा मुलामा असे. काही महागड्या रेझरांवर सोन्याचा पातळ हात दिलेला असे. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर निकेलचा थर त्यातले थोडेच मायक्रॉन असतो. सोन्याचा तर बहुधा एक मायक्रॉनही नसतो. तांब्याचा हंडा पिढ्यान्‌पिढ्या घासला तरी तांबंच उरतं. इथे चार वेळा खसाखसा घासलं की मुलामा संपतो.

लिंबू आणि चिंच आम्ल आहेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लाने वरवरचं जस्त आधी निघून जातं आणि तांबं उरतं, म्हणून ते गुलाबी डाग. शिवाय जिथे मुलामा आधीच फाटला आहे, तिथल्या कडेतून आम्ल आत शिरतं आणि उरलेला मुलामाही उचलतं. हिरवा थर म्हणजे आपला ओळखीचा कळंक. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच.

मग साफ करायचं कसं? आधी ब्लेड काढून जाड कागदात गुंडाळा. रेझरचे भाग सुटे करा. फिरकी अडली असेल तर पक्कड लावू नका, तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं भिजवा आणि मुलांच्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने साफ करा. सोनेरी रेझरला उकळतं पाणी नको, त्यावर कधी कधी वार्निशसारखा थर असतो, तो धुरकटतो. फटीतला चिकट साबण लाकडी टूथपिकने काढा. घासणी, राख, टूथपेस्ट, ब्लीच, काहीही नको. स्वच्छ झाल्यावर सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या. दुसऱ्याने वापरलेल्या वस्तूचा प्रश्न आहे, आणि ब्लेड तर घरातही कुणी कुणाचं वापरू नये. कावीळ ‘ब’सारखे आजार रक्ताच्या अदृश्य थेंबातून पसरतात.

काचा पुसायच्या ज्या द्रवात अमोनिया असतो, तोही पितळेपासून दूर ठेवा. यामागे आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात पडल्या पडल्या तडकायची. ती तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून ताणलेलं पितळ, असं तिहेरी कारण १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. ‘मोसमात तडकणं’ असंच नाव त्या दोषाला पडलं.

आता मुख्य प्रश्न. गेलेला मुलामा परत येतो का? घासून येत नाही. तो नव्यानेच चढवावा लागतो.

भाईजान मुंब्र्याला राहतो. त्याच्या मुलाचा निकाह ठरला होता आणि दादांचा रेझर नवा करून नवरदेवाला द्यायचा त्याचा बेत होता. माझ्या हातून झाकण बिघडल्यावर तर तो हट्टालाच पेटला. आम्ही दोघं ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. ज्या वागळे इस्टेटमध्ये पूर्वी सुपरमॅक्सची दाढीची ब्लेडं बनत असत, तिथेच शंभर वर्षांच्या घराण्यातला रेझर घेऊन आम्ही उभे होतो.

कारागीर वयस्कर आणि सरळ माणूस. त्याने रेझर हातात घेऊन सगळं समजावलं. आधी जुना मुलामा पूर्ण उतरवायचा. मग बफ मारून पितळ आरशासारखं करायचं. मग निकेलच्या क्षाराच्या टाकीत बुडवून वीज सोडायची, म्हणजे निकेल येऊन बसतं. पितळ गुळगुळीत नसेल तर वर चढणारा मुलामा प्रत्येक खड्डा दाखवतो, म्हणून बफ टळत नाही. बफने कोरीव अक्षरं बुजतात, कडा गोल होतात. झाकणाचा बाक जरा बदलला तरी ब्लेड वेगळ्या कोनात बसतं आणि गाल कापतो.

मग त्याने मूठ उलटी केली आणि विचारलं, “हे काय लिहिलंय?”

भाईजान म्हणाला, “आमच्या दादांची खूण आहे.”

“ही जाणार. ठेवायची असेल तर मला देऊ नका.”

त्याच्या मदतनिसाने सुचवलं, सोन्याचा मुलामा द्या, शोभून दिसेल. त्यावर भाईजान लगेच थांबला. मर्दांना सोनं वापरायची मनाई आपल्याला ठाऊक आहे. नुसत्या मुलाम्याचा हुकूम काय, हे आलिमांना विचारूनच ठरवावं. कुणाकडे जुना सोनेरी रेझर असेल तर त्यांनीही आपल्या मौलानांना विचारून घ्यावं, माझ्या सदरावर विसंबू नये.

परतीच्या लोकलमध्ये भाईजान गप्प होता. कळवा गेल्यावर म्हणाला, “तू बिघडवलंस म्हणून मी रागावलो. आणि मी पैसे देऊन सगळंच पुसायला निघालो होतो.”

आम्ही मुलामा चढवला नाही. झाकण पिवळं-गुलाबी आहे, तसंच राहिलं.

याचा अर्थ प्लेटिंग नेहमी चुकीचं, असा नाही. मुलाम्याचे पापुद्रे सुटून कातडीला लागत असतील, रेझर रोजच्या वापराचा असेल आणि त्यावर कुणाची खूण नसेल, तर खुशाल करून घ्यावं. फक्त आधी विचारावं: अक्षरं राहतील का, कडा किती घासणार? रेझर पितळेचा आहे याची खात्री करावी. स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, मुलाम्याखाली करडे आणि खड्डे पडलेले. ते बहुतेक सुधारत नाहीत. काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही, खाज सुटते, तेही पाहावं. आणि घरच्या घरी बॅटरी लावून मुलामा चढवायचा उद्योग करू नका. ते क्षार विषारी असतात आणि शेवटी मोरीतून खाडीत जातात.

आहे तो मुलामा टिकवायचा असेल तर काम सोपं आहे. वापर झाला की रेझर धुऊन, सुटा करून, फडक्याने पुसा. ओलं ब्लेड आत राहिलं की गंजतं आणि डाग कायमचा बसतो. न्हाणीघरात ठेवू नका, खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्याचे चार महिने तिथे काहीच वाळत नाही. महिन्यातून एकदा फिरकीवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या. डबीत औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी टाका. वापरलेली ब्लेडं मात्र कचऱ्यात सुटी टाकू नका. एका पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात साठवा, भरला की चिकटपट्टी लावून वर लिहून द्या. वाटेतला काटा दूर करणं सदका आहे, तर सफाई कामगाराच्या हाताला लागणारं पातं दूर ठेवणं का नसावं?

निकाहच्या आदल्या दिवशी भाच्याने त्याच रेझरने दाढीचं खत काढलं. मुठीवर एका जागी निकेल पूर्ण झिजून पितळ दिसतं. अंगठा बरोबर तिथेच येतो, असं तो म्हणाला. झिज दादांच्या अंगठ्याची आहे.

मी डबीत एक चिठ्ठी ठेवली आहे: रेझर कुणाचा, कुठून आला, ‘मीम’ कुणी ओरखडलं आणि झाकण कुणी बिघडवलं. तुमच्याकडेही अशी वस्तू असेल तर घासायच्या आधी चिठ्ठी लिहा. सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह डेगची आणि कल्हईविषयी.